आमच्या मुलासाठी खासगी ट्रस्ट करताना

आमचा धाकटा मुलगा ३४ वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. स्वतःचे सगळे तो स्वतः आवरतो, कोथरूडमधल्या ज्या कार्यशाळेत तो जातो तिथे कागदी पिशव्या अतिशय नीटसपणे चिकटवतो, दहाची आणि शंभराची नोट वेगळी ओळखतो. परंतु शंभर रुपयांत दहाच्या किती नोटा येतात हे त्याला उलगडत नाही आणि ते कधी उलगडेल अशी आशाही आम्ही आता धरत नाही. माझे पती टपाल खात्यातून आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या पश्चात त्याचे काय, हा प्रश्न आम्ही मनातून काढून कागदावर आणला. त्या कागदांचे पुढे मृत्युपत्रांत आणि एका खासगी ट्रस्टमध्ये रूपांतर झाले. तशाच वळणावर असलेल्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे दोघांच्या नावावर असलेला राहता फ्लॅट, मुदत ठेवी, काही म्युच्युअल फंड, पतींचे निवृत्तिवेतन आणि सातारा जिल्ह्यातील थोडी शेतजमीन एवढेच आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे करण्यावर राज्यात कायद्याचे निर्बंध असल्याने ती या सगळ्यातून बाजूलाच ठेवली. बाकीच्या मिळकतीबद्दल सुरुवातीला आमची समजूत अशी होती की, सगळीकडे मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले की काम झाले. ही समजूत फार सर्वदूर पसरलेली आहे. प्रत्यक्षात नॉमिनी हा बहुतेक बाबतींत फक्त रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसांचीच राहते; शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे, आणि गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला मिळते ते तात्पुरते सदस्यत्व असते. मात्र आमच्या दृष्टीने अडचण मालकीची नव्हतीच. मृत्युपत्र न करता आम्ही गेलो असतो तरी हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलाला मुलीइतकाच वाटा मिळाला असता. अडचण अशी होती की तो वाटा त्याला वापरता आला नसता. ज्याला व्यवहाराचे परिणाम समजत नाहीत, त्याने केलेला करार भारतीय करार कायद्याप्रमाणे टिकत नाही; त्यामुळे त्याच्या नावावरचा फ्लॅट विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि त्याच्या नावावरची ठेव मोडायची तर बँक पालकत्वाचा दाखला मागते. मालमत्ता असूनही मुलगा तिच्या दाराबाहेर उभा राहावा, अशी ती अवस्था झाली असती.

दुसरा मार्ग घराघरांत धरला जातो तो म्हणजे सगळे भावाच्या किंवा बहिणीच्या नावावर करून ‘तू त्याला सांभाळ’ असे सांगणे. आमची थोरली मुलगी नाशिकला असते, भावावर तिचा जीव आहे, आणि तिच्या मनाबद्दल आम्हाला कधी शंका नव्हती. पण हा विषय काढला तेव्हा तिनेच नकार दिला. ‘आई, माझ्या नावावर केलंस तर ते माझं होईल, त्याचं राहणार नाही. उद्या मलाच काही झालं तर ते माझ्या वारसांकडे जाईल, आणि त्यांनी मामाला सांभाळायचं की नाही हे कोणत्याच कागदावर नसेल,’ असे ती म्हणाली. जावईही तिथेच बसले होते आणि त्यांनी तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. माझ्या मते आमच्या सगळ्या नियोजनाचा पाया त्या संध्याकाळच्या बोलण्याने घातला. बहिणीच्या मायेची आणि पैशाची एकमेकांत गुंतागुंत होऊ द्यायची नाही, एवढे त्यातून ठरले.

कौटुंबिक वकिलांनी खासगी ट्रस्टचा पर्याय समजावून सांगितला. ट्रस्ट म्हटले की आपल्याकडे देवस्थान, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय डोळ्यांपुढे येते. तो सार्वजनिक ट्रस्ट, आणि त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. ठरावीक व्यक्तींच्या हितासाठी केलेला खासगी ट्रस्ट हा भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली येतो आणि त्याचा धर्मादाय आयुक्तांशी संबंध नसतो. न्यासकर्ता आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवतो, विश्वस्त कायद्याने तिचे धनी होतात, पण तिचा उपभोग लाभार्थ्यासाठीच करण्याचे बंधन त्यांच्यावर असते. आमच्या बाबतीत न्यासकर्ते आम्ही दोघे आणि हयातभराचा एकमेव लाभार्थी आमचा मुलगा. मालकीचे काम एकाकडे आणि लाभ दुसऱ्याकडे, ही रचना ज्याला सही करता येत नाही अशा माणसासाठीच जणू केलेली आहे, असे मला ते ऐकताना वाटले आणि आजही वाटते.

फ्लॅट लगेच ट्रस्टमध्ये टाकावा असा आमचा विचार होता, तो मुद्रांक शुल्कापाशी अडला. महाराष्ट्रात आई-वडिलांनी मुलाला राहते घर बक्षीसपत्राने दिले तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार काय तो वेगळा. तेच घर आपल्याच मुलाच्या हितासाठी खासगी ट्रस्टला हयातीत दिले, तर मात्र खरेदीखताप्रमाणे बाजारमूल्यावर शुल्क लागते. पुण्यात अधिभार धरून ते साधारण ७ टक्के होते. म्हणजे रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, ९० लाख किंमत निघणाऱ्या घराला ६ लाख ३० हजार. विशेष मुलाला बक्षीसपत्राने घर देऊन त्याचे हित साधत नाही, आणि ज्या मार्गाने साधते त्यावर पूर्ण शुल्क, ही तफावत मला अन्यायाची वाटते. अशा मुलांच्या ट्रस्टला बक्षीसपत्राचीच सवलत मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यावरचा तोडगा वकिलांनी सांगितला तो असा की, ट्रस्ट आता लहान रकमेवर स्थापन करावा, हयातीत त्यात जमेल तशी भर घालावी आणि घर मृत्युपत्राने ट्रस्टला द्यावे, कारण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. त्याप्रमाणे न्यासपत्रात, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, प्रारंभिक निधी म्हणून १० हजार रुपये दाखवले. आम्ही दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे केली, ज्यांत आधी जाणाऱ्याचा हिस्सा मागे राहणाऱ्याला आणि दोघांच्या पश्चात घर व उरलेल्या ठेवी ट्रस्टला, असा क्रम घातला. फ्लॅट पुण्यात असल्याने प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा, प्रश्न आला नाही. त्या वेळी मुंबईतील मिळकतीला मात्र ते सक्तीचे होते, हे तिथे घर असलेल्या आमच्या एका नातेवाइकांच्या बाबतीत समजले.

न्यासपत्राचा मसुदा हे या सगळ्यातले सर्वांत सावकाश झालेले काम, आणि ते तसेच व्हायला हवे होते. बाजारात मिळणारा नमुना वापरला असता तर काय निसटले असते हे मसुद्यावर बसल्यावरच कळत गेले. उदाहरणार्थ, एकाहून अधिक विश्वस्त असतील तर न्यासपत्रात वेगळे म्हटल्याखेरीज सर्वांनी मिळूनच काम करावे लागते, असे कायदा सांगतो. म्हणजे एक विश्वस्त आजारी पडला किंवा परगावी गेला की मुलाच्या औषधांचे पैसेही अडू शकतात. म्हणून तिघा विश्वस्तांपैकी दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा आणि घर विकण्यासाठी मात्र तिघांची सही लागावी, असे कलम घातले. एकदा जबाबदारी स्वीकारलेल्या विश्वस्ताला ती सहज सोडता येत नाही. न्यायालयाची परवानगी हवी, किंवा करार करण्यास सक्षम लाभार्थ्याची संमती हवी, किंवा न्यासपत्रातच तसा अधिकार दिलेला हवा. आमचा लाभार्थी अशी संमती देऊ शकत नसल्याने निवृत्त होण्याचा अधिकार आणि त्या जागी कोणी यायचे हा क्रम, दोन्ही लिहून ठेवणे भाग होते. विश्वस्ताला मानधनाचा हक्कही आपोआप मिळत नाही. विश्वस्त होणाऱ्या आमच्या मुलीने मानधन नाकारले, तरी पुढच्या काळात येणाऱ्या परक्या माणसासाठी ती तरतूद आम्ही ठेवली, कारण फुकटच्या कामाची वर्षानुवर्षे अपेक्षा धरणे योग्य नाही.

मुलाच्या पश्चात उरलेल्या मालमत्तेचे काय, यावर बराच विचार झाला. आमच्या मनात होते की निम्मे नातवंडांना आणि निम्मे त्याच्या कार्यशाळेच्या संस्थेला जावे. सनदी लेखापालांनी त्यातला धोका दाखवला. आई-वडिलांनी ट्रस्टला दिलेली रक्कम ट्रस्टच्या हातात करपात्र होऊ नये असे वाटत असेल, तर तो ट्रस्ट केवळ देणाऱ्याच्या नातेवाइकांच्या हितासाठी असावा लागतो. संस्थेचे नाव आले की ‘केवळ’ हा शब्द टिकत नाही. म्हणून संस्थेसाठी आम्ही मृत्युपत्रातच स्वतंत्र रक्कम ठेवली आणि ट्रस्टमधले उरलेले नातवंडांना दिले. त्यावर वकिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली, आणि ती मुलीसमोर बोलण्याचे धैर्य त्यांनी दाखवले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, ‘ताई, मुलावर जेवढे कमी खर्च होईल तेवढे नातवंडांना जास्त उरेल. तुमची मुलगी तसे करणार नाही हे मला दिसते आहे, पण न्यासपत्र तिच्या स्वभावावर विसंबून लिहायचे नाही.’ म्हणून कलम असे झाले की, मुलाची गरज आणि सुख प्रथम. त्यासाठी व्याजच नव्हे तर मुद्दलही शेवटच्या रुपयापर्यंत खर्च करण्याची विश्वस्तांना मुभा आहे, आणि मागे काही उरलेच पाहिजे असे बंधन कोणावरही नाही. मुलीने ते कलम स्वतः मोठ्याने वाचून दाखवले.

करआकारणीबद्दल थोडक्यात सांगते. लाभार्थी आणि त्याचा वाटा निश्चित असेल तर ट्रस्टच्या उत्पन्नावर लाभार्थ्याच्या दराने कर लागतो. कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले तर सर्वसाधारणपणे कमाल दराने लागतो. आमचा ट्रस्ट पहिल्या प्रकारचा आहे. तो रद्द करता येणार नाही असाही केला, कारण रद्द करण्याचा अधिकार हातात ठेवला तर उत्पन्न आमचेच धरले जाते, आणि आमच्या उतारवयात कोणी दबाव आणून तो मोडायला लावण्याची वाटही उघडी राहते. याखेरीज एक बारकावा केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यांसाठी महत्त्वाचा आहे. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आई-वडिलांनंतर हयातभर कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकते, परंतु त्याच्या इतर उत्पन्नाला मर्यादा आहे. सगळा निधी व्याज देणाऱ्या ठेवींत ठेवला तर ती मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो. म्हणून गुंतवणुकीचा काही भाग म्युच्युअल फंडांच्या वाढीच्या पर्यायात, म्हणजे ज्यात नफा वाटला न जाता आतच साठतो त्यात, ठेवला आहे.

विश्वस्त शोधणे मसुद्याहून अवघड गेले. मुलगी होतीच. दुसरे नाव म्हणून आम्ही पतींच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘वहिनी, आज सही करायला माझी ना नाही. पण मी यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. तुम्हाला माणूस हवा तो तुमच्यानंतरचा.’ त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते आणि त्यानंतर आम्ही आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारले नाही. विश्वस्त म्हणून काम पाहणाऱ्या कंपन्याही असतात, त्यांचीही चौकशी केली. व्यवस्था चोख वाटली, पण आमच्या निधीच्या मानाने त्यांचे शुल्क जड होते. शेवटी माझ्या भावाचा मुलगा, जो पुण्यातच असतो आणि ज्याचे हिशेब चोख असतात, आणि मुलाला लहानपणी शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका, अशी दोन नावे ठरली. बाईंना हिशेबातले फारसे कळत नाही असे त्यांनीच सांगितले, परंतु मुलगा गप्प बसला तर तो रुसला आहे की त्याचे पोट दुखते आहे हे त्यांना कळते, आणि विश्वस्तांमध्ये एकाला तरी ते कळणे मला आवश्यक वाटले.

पैसा सांभाळणारे आणि मुलाला सांभाळणारे वेगळे असावेत असा आमचा आग्रह होता, पण मुलगी दोन्हीकडे असणे अपरिहार्य होते. म्हणून पालकत्वाचा विषय स्वतंत्रपणे मार्गी लावला. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकाची नियुक्ती करते. अपंगत्वाचा दाखला आणि ओळखीची कागदपत्रे जोडून अर्ज केला आणि बोलावणे आल्यावर मुलाला घेऊन गेलो. समितीतल्या बाईंनी आमच्याशी बोलण्याआधी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. कोणाबरोबर राहायला आवडते, असे विचारल्यावर त्याने आधी आईबाबा आणि मग, ताई आली की ताई, असे सांगितले. आज कार्यशाळा बुडाली हेही सांगितले. बाईंनी ते लिहून घेतले. नियुक्त पालकाला सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे ट्रस्टबाहेर त्याच्या नावावर काहीच मोठे न ठेवण्याचा निर्णय किती सोयीचा होता ते तेव्हा ध्यानात आले.

मृत्युपत्रांवर सह्या करताना आमच्या डॉक्टरांकडून आम्ही दोघेही मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखला त्याच दिवशी घेतला. साक्षीदार दोन, दोघेही आमच्याहून तरुण आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे. एक ते डॉक्टर आणि दुसरे शेजारी. मृत्युपत्राची नोंदणी बंधनकारक नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती केली. त्या मानाने ट्रस्टचे बँक खाते उघडणे कष्टाचे ठरले. ट्रस्टचे पॅन कार्ड वेळेत आले, परंतु बँकेत प्रत्येक टेबलावर धर्मादाय आयुक्तांचे नोंदणी प्रमाणपत्र मागत होते आणि खासगी ट्रस्टला ते नसते हे कोणी मान्य करत नव्हते. अखेर वकिलांनी कायद्याचा हवाला देऊन लेखी पत्र दिले, न्यासपत्राची साक्षांकित प्रत आणि खाते चालवण्याबाबतचा विश्वस्तांचा ठराव जोडला, आणि मग प्रकरण वरच्या कार्यालयाकडून मंजूर होऊन आले. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी ते पत्र पहिल्याच भेटीत बरोबर न्यावे.

रद्द न होणाऱ्या न्यासपत्रात वारंवार बदल करता येत नाहीत, म्हणून त्याच्या सोबतीला मी एक मार्गदर्शनपत्र लिहिले आहे. त्याला कायद्याचे बंधन नाही, ते मी हवे तेव्हा बदलते, आणि माझ्या दृष्टीने ते न्यासपत्राइतकेच मोलाचे आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची आणि ती पाण्याबरोबर गिळल्याची खात्री करायची. दाताच्या डॉक्टरांकडे नेताना आदल्या दिवशी सांगायचे, त्याहून आधी सांगू नये. विजा कडाडू लागल्या की तो कपाटाच्या बाजूला जाऊन बसतो, त्याला ओढून काढू नये, शेजारी बसावे. आमटीत गूळ जास्त झाला तर जेवत नाही. गणपतीत आरतीला झांजा त्याच्याच हातात द्याव्यात. त्याला वसतिगृहात ठेवण्याची वेळ आली तर आधी काही दिवस राहून पाहू द्यावे, आणि तो नको म्हणाला तर त्याचे ऐकावे, असेही त्यात आहे. ही वही लिहिताना मला जाणवले की एवढे सगळे केवळ माझ्या एकटीच्या डोक्यात होते आणि पतींनाही त्यातले निम्मेच माहीत होते.

आम्ही हयात असतानाच ट्रस्ट चालू झाला याचा फायदा विश्वस्तांच्या पहिल्याच बैठकीत दिसला. कार्यशाळेचे शुल्क आणि वैद्यकीय खर्च ट्रस्टच्या खात्यातून जावेत हे सहज ठरले. मग मुलीने भावाला कोकणात समुद्रावर नेण्याचा खर्च मांडला, तेव्हा भाच्याने प्रामाणिकपणे विचारले, ‘आत्या, हे पालनपोषणात बसतं का? उद्या कोणी हिशेब मागितला तर मी काय दाखवू?’ न्यासपत्रातील ‘सुख’ या शब्दाचा व्याप त्याला पुरेसा स्पष्ट वाटत नव्हता. आम्ही समोरच होतो, म्हणून उत्तर देता आले. प्रवास, सणाचे कपडे, वाढदिवस, त्याने मित्रांना द्यायच्या भेटी आणि बरोबर जाणाऱ्या सोबत्याचा खर्च हे सर्व त्याच्या सुखात धरावे, असा ठराव विश्वस्तांनी इतिवृत्तात नोंदवला आणि मी तोच मजकूर मार्गदर्शनपत्रात घातला. समुद्राच्या खर्चाला तिघांनीही मंजुरी दिली. आता पतींच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशात मुलाचे नाव नोंदवून घेण्याचा अर्ज दिलेला आहे, आणि शिक्षिका बाईंच्या नंतर येणाऱ्या विश्वस्तासाठी कार्यशाळेतल्या एका तरुण शिक्षकांशी बोलणे चालू आहे. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे आणि तो आम्ही आनंदाने दिला आहे.